मंदाताईची यादी

अकरा ठिकाणं, दिवस एक,
आणि संध्याकाळी परतीची गोवा एक्सप्रेस.
यादी दुधाच्या बिलामागे, सुनेच्या अक्षरात:
किल्ला, महाल, झुंबरं, चांदीची आगगाडी,
तानसेनची समाधी, तिथल्या चिंचेची पानं,
जमल्यास मितावली, न जमल्यास निदान गजक.

मी लष्करात राहतो म्हटलं
की तिकडे लोकांना वाटतं, फौजेत होतो.
मी एजी ऑफिसात होतो.
चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले
आणि रोज सकाळी सायकलवरून
किल्ला दिसायचा तसा दिसत राहिला,
भिंतीवरच्या घड्याळासारखा,
ज्यात वेळ पाहतो, घड्याळ पाहत नाही.
माझं गाव मला पाहुणे आले की दिसतं.

बाड्यावर बेडई खाताना म्हणालो,
"ताई, काय शोधून राहिलीस पिशवीत?"
ती इतकी हसली की रस्सा सांडला.
"शोधून राहिलीस म्हणे! पुन्हा म्हण."
मी पुन्हा म्हटलं नाही.
यादीतलं बारावं ठिकाण मी होतो बहुतेक.

गाडी उरवाईकडून थेट वर जाते.
पण तिला चढूनच जायचं होतं,
गुडघ्यांना विचारलं नव्हतं.
गुजरी महाल मागे पडला, दम पुढे गेला.
मोतीबिंदू काढून दोनच महिने झालेले,
वर निळ्या फरशांकडे बघून म्हणाली,
"बदकं आहेत की रे! पिवळी. ओळीनं."
अठ्ठावन्न वर्षं.
मला कोणी सांगितलं नव्हतं, बदकं आहेत.

अर्ध्या वाटेवर चतुर्भुजाचं देऊळ,
एका दगडातलं, आमच्या न्हाणीघराएवढं.
तिथे ती बसली ती बसलीच.
मी, गाईड झाल्यासारखा,
भिंतीवरचा आकडा दाखवला: दोनशे सत्तर.
शेवटचं ते शून्य, बघ. फार जुनं.
लोक लांबून फक्त ते बघायला येतात.
ती म्हणाली, "दोनशे सत्तर काय?"

काय म्हणजे? हात. बागेची लांबी.
दोनशे सत्तर हात लांब, एकशे सत्त्याऐंशी रुंद,
देवाला रोज पन्नास हार मिळावेत म्हणून.

मंदाताईनं आयुष्यभर ब्लाउज शिवले.
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत
तिनं आपला हात उंबऱ्यावर टेकवला,
उचलला, पुन्हा टेकवला,
ओठ हलवत, खडू नसलेल्या बोटांनी.
"म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडापासून
त्या पिठाच्या गिरणीपर्यंत," ती म्हणाली.
"पन्नास हारांना पुरेल. उन्हाळ्यात नाही.
उन्हाळ्यात काय करत असतील रे?"

हा प्रश्न ऑडिटमध्ये कधी आला नव्हता.

खाली ग्वाल्हेर पसरलेलं,
पाण्याच्या काळ्या टाक्या, पतंग, एक बॅंडबाजा.
ती घरांमधून बाग शोधत होती.
मी घड्याळ बघत होतो.
चांदीची आगगाडी गेली,
झुंबर गेलं, ज्यासाठी म्हणे छतावर हत्ती चढवले होते,
समाधी बंद व्हायच्या बेतात,
मितावली तर मी तोंडातूनही काढलं नाही.
"राहू दे," ती म्हणाली. "एवढं पुष्कळ झालं."
आणि यादीवर एकच बरोबरची खूण केली,
कशापुढे, ते मला दिसलं नाही.

फलाटावर गजकाचे दोन डबे दिले.
डबा हलला तरी ती खिडकीतून
बोटं उघडून काहीतरी मोजत होती.
मला वाटलं, टाटा करते आहे.

आठ दिवसांनी फोन.
पोचल्याचा नाही, तो आधीच झाला होता.
"उन्हाळ्याचं कळलं का रे काही?"
मी म्हटलं, विचारून राहिलोय.
ती हसली नाही या वेळी.

फोन ठेवून गॅलरीत गेलो,
इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतं,
आणि कठड्यावर हात टेकवत गेलो.
सात हात आणि चार बोटं.
मोगऱ्याच्या तीन कुंड्या मावतील.
रोज एक हार?
नाही होणार.