भाजक

बर्फाच्या कारखान्याला रविवार नसतो.
हर्णैच्या बंदरात ट्रॉलर लागला की त्याला लादी हवी,
मग पहाटेचे चार असोत की शिमग्याची पुनव.
म्हणून पाळ्या तीन, तुकड्या चार,
एक आळीपाळीने सुटीवर,
आणि टाइम ऑफिसात मी,
खाऱ्या वाऱ्याने पोपडे धरलेल्या भिंतीला पाठ लावून
कोण कधी आला, कधी गेला ते मांडणारी.

बाळाराम चोगल्यांचा अर्ज आला. एक जूनपासून रजा.
बंदी लागते, होड्या वर ओढतात,
तेव्हाच कॉम्प्रेसरवरचा माणूस जरा मोकळा होतो.
कारण : घरगुती.
विचारलं, तर म्हणाले, रात्रीचं घरी निजायचंय.
एवढंच.

मे संपला त्या संध्याकाळी हिशेबाला बसले.
गेल्या वर्षात हजर दिवस दोनशे सत्तेचाळीस.
वीस दिवसांमागे एक.
बारा दिवस आले. वर सात उरले,
ते सोडून द्यायचे. दहा असते तर धरले असते.

मग मे. चोवीस हजेऱ्या, त्यातल्या आठ रात्रपाळ्या.
रात्रपाळी दोन तारखांत पाय टाकून उभी असते,
दहाला शिरते, सहाला सुटते.
नियम म्हणतो, मध्यरात्रीनंतरचे तास
आदल्या दिवसाच्या नावे टाका.
हे ऐकून चोगले हसले होते एकदा :
'आमची दीक्षा झाली पावणेतीनला. मी इथं, मशीनवर.
म्हणजे तुमच्या वहीत ती आदल्या दिवशीच जन्मली म्हणा.'
शर्टाला अमोनियाचा वास.
दाखल्यावर दुसरी तारीख.

ओव्हरटाइम वगळला. बोनस वगळला.
राहिले सोळा हजार ऐंशी.
आता भागायचं.

माझ्या आधी इथे मुरूडकर बसायचे, एकोणीस वर्षं.
त्यांच्या गंजक्या टाचण्या अजून खणात आहेत.
ते तीसने भागायचे. मीही तीसनेच भागत आले.
महिना म्हणजे तीस, कुणी विचारलं नाही,
मीही नाही.
पाचशे छत्तीस.

तेवढ्यात लाइट गेली.
जनरेटर धडधडेपर्यंत करायला काही नव्हतं,
म्हणून बॅटरीच्या उजेडात नियमच वाचला :
ज्या दिवशी प्रत्यक्ष काम केलं, तेवढेच दिवस.
चोवीस.
सहाशे सत्तर.

सुटीचा दिवस कमाईत नव्हता,
मग भागायला कुठून आला?
रोजचे एकशे चौतीस,
बारा दिवसांचे सोळाशे आठ,
एका माणसाचे,
एका वर्षाचे.
बाकीच्या वह्या लगेच काढल्या नाहीत मी.
पाणी प्यायले. खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसत होता,
त्याच्याकडे बघत बसले, जणू त्यालाच विचारायचं होतं.

शेटना सांगितलं. म्हणाले, बघू.
म्हटलं, बघून झालंय.
आणि व्हाउचर पुढे सरकवलं, आठ हजार चाळीसचं.
त्यांनी सही केली.
माझं पेन मात्र परत दिलं नाही.

चोगल्यांनी नोटा दोनदा मोजल्या,
जास्त आल्यात म्हणून परत द्यायला लागले.
जास्त नाहीत, म्हटलं. इतकी वर्षं कमी होत्या.
ते काही बोलले नाहीत,
डबा उचलला नि गेले.

आता मागच्या वह्या उघडल्यात,
एकेक नाव, एकेक महिना, प्रत्येकाचा भाजक निराळा.
आणि चोगल्यांचे ते सात दिवस,
जे कुठल्याच रजेत बसले नाहीत,
मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेत.
कशाला, ते मला अजून ठाऊक नाही.