नॉट बॅड

हॅलिफॅक्सच्या कारखान्यात, पहिल्याच आठवड्यात,
मी जोडलेल्या खणाच्या सांध्यावरून
क्लिफर्डने अंगठा फिरवला.
"नॉट बॅड," म्हणाला, आणि चहा टाकायला गेला.

रात्रभर मी तो सांधा मनातल्या मनात तासत राहिलो.

सकाळी बहराम हसला.
वेड्या, बावीस वर्षांत हे त्याच्या तोंडून
मी दोनदा ऐकलंय. एकदा कुत्र्याबद्दल.

बहराम स्वतः उधळा.
साधी फळी रंधली तरी
"तुझे हात कधी न दुखोत" म्हणतो,
मी उगाच भुसा झाडत बसतो.

तात्यांना खणाचा फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा. बाकी शांतता.
मग फोन: "लाकूड कुठलं?"
"ओक."
"चिवट असतं म्हणे... जेवलास का?"
नंतर वहिनीकडून कळलं,
फोटो अख्ख्या आळीला दाखवून झालाय.

आज क्लिफर्डचा शेवटचा दिवस.
मी चांगलं दीड पान पाठ केलं होतं.
त्याने आपला झिजका रंधा माझ्या हातात ठेवला
आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं,
"नॉट बॅड, क्लिफर्ड."

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.
खिडकीकडे वळला, पाऊस आहे का बघायला.

नव्हता.