कारण: इतर

पहाटे चार वाजून सात मिनिटांनी मोबाईल थरथरला.
खांब एक्केचाळीस ते सत्तेचाळीस, प्रकाश क्षीण.
वाहतूक आरमोरीमार्गे वळवली आहे.
घाई नाही.

घाई नाही, असं मला आजवर
कुणी म्हटलं नव्हतं.
पूर्वी तार तुटली की सोसायटीचा गटसचिव
फोनवर माझ्या सात पिढ्या उद्धरायचा,
रेशनचा अंगठा उमटेना म्हणून रांग बोंबलायची,
आणि जोड बसला की तीच रांग चहा पाजायची.
आता तुटल्याचं कळतं दोघांनाच:
नागपुरात कुठंतरी असलेल्या त्या यंत्राला,
आणि मला.

मोटारसायकलला स्प्लाइसरची पेटी बांधून गेलो.
मोहाखालचा पाला जाळलेला, राख अजून गरम,
वर तारेचं काळं आवरण मेणासारखं लोंबत होतं.
टोपलीवर वाकलेली गिरजाबाई उसेंडी म्हणाली,
"तुयी तार आमच्या झाडाखालून कायले नेली गा?
झाड त आधीचा हाये."

काचेचे दोन केस श्वास रोखून जोडले.
फॉर्म उघडला. कारण निवडा:
उंदीर. जेसीबी. वीज. चोरी. इतर.
मोह नव्हता.
तीन वर्षं, दर चैत्रात, मी इतर दाबलं.

यंदा सूचना आधीच आली.
काहीही तुटलं नव्हतं.
एक्केचाळीस ते सत्तेचाळीस, जोखीम. वाहतूक वळवली.
त्याला झाड माहीत नाही, फूल माहीत नाही,
वास तर नाहीच,
तरी माझ्या तीन इतरांमधून
त्यानं मोहाचा हंगाम काढला.

पाहायला गेलो. पाला तसाच.
गिरजाबाई फांदीकडे बघत म्हणाली,
"आभाळ होता ना मधात. कळीच हाये अजून.
आठ रोज लागन."
शेऱ्याच्या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात. लिहिलं:
मोव अजून झडला नाही. थांब.
उत्तर आलं: शेरा नोंदवला. वळण कायम.

आठ दिवस आरमोरीची वाट तुंबली.
शाळेतला व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला,
गटसचिवानं मला पुन्हा उद्धरलं.
बरं वाटलं.

रात्री मीटर लावून पाहिलं, तर त्या रिकाम्या तारेतूनही
ते दर सेकंदाला उजेडाचा एक थेंब पाठवत होतं.
निरोप काही नाही.
नुसतं, आहेस का.
काळोखात मोवं वेचणाऱ्या बाया
एकमेकींना दिसेनाशा झाल्या की
अशीच हाळी देतात: होऽऽ
पलीकडून होऽऽ आली
की पुन्हा वाकतात.