परतीचं भाडं

कारियाकूच्या उत्तर टोकाला
कथबर्टने इंजिन बंद केलं,
होडी वाळूत रुतवली आणि बजावलं:
लाल पट्टा मारलेल्या झाडाखाली बसू नका,
पाऊस आला तर त्याच्या पानांवरचं पाणी
कातडी सोलून काढतं.

पाऊस नव्हता.
एक पेलिकन तेवढा दगडासारखा पडायचा,
पुन्हा वर.

मी म्हटलं, किती बरं, कुणीच नाही.

तो दोर बांधत होता. गाठ पक्की झाल्यावर बोलला:
अकरा घरं होती.
शाळा नव्हती, पण घंटा होती.
वादळ रात्री आलं.
सकाळी मोजायला हौद सोडून काही नव्हतं.

मग झुडपांत शिरला, हातात काठीही न घेता,
जणू वाट पायांनाच ठाऊक.
मी पाण्यात पाय सोडून बसलो.
इतकं नितळ, की माझीच नखं
कुणा दुसऱ्याची वाटली.

आला तेव्हा दोन्ही खिसे फुगलेले.
आईची लिंबोणी, म्हणाला. अजून धरते.
चार लिंबं माझ्या टोपीत टाकली,
त्यातलं एक किडकं.

परतीचं भाडं मात्र पुरतं घेतलं,
सुटे पैसे
दोनदा मोजून.