शेवटचा धावक

तीनशे रुपये भरून धावायचं
हे बायकोला समजावता आलं नाही.
"पगार घेऊन धावतोस ते कमी पडतं?" म्हणाली,
आणि बुटांच्या टोकाला वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दिले.
बूट मुलाचे, एक नंबर मोठे.

सहा वाजता रायबंदरच्या धक्क्यावर
शंभर-दीडशे पिवळे टीशर्ट.
दिवाडीसाठी होडीची रुग्णवाहिका घ्यायची आहे,
फेरी बंद झाल्यावर
नदीपलीकडचं दुखणं सकाळपर्यंत थांबत नाही म्हणून.
हे मला कोणी सांगायला नको.
एकवीस वर्षं याच धक्क्यावर
इंजिन चालू ठेवून
पलीकडचा दिवा हलतोय का ते बघत बसलोय.

छातीवर चार पिना, नंबर एकशे सेहेचाळीस.
इर्मेलिंदा टीचरनं शिट्टी फुंकली.
पोरं दावं तोडून सुटली,
दोन कुत्री सुटली, एक जोडपं बाबागाडीसकट सुटलं,
मी पहिल्या गिअरमध्ये.

हा बांधावरचा रस्ता मला तोंडपाठ, असं सांगायचो.
पाठ होते ते खड्डे,
कदंबची बस कुठं बाजू देत नाही ती वळणं,
आणि तीन मिनिटं चाळीस सेकंद.
मिठागरं आहेत हे माहीत होतं,
भल्या सकाळी ती आभाळाचाच रंग घेतात हे नव्हतं.
मानशीच्या दारातून भरतीचं पाणी आत शिरताना
म्हाताऱ्यासारखं खाकरतं,
हे तर नव्हतंच.
एक पदेर सायकल टेकवून
पों पों करत आम्हाला हुरूप देत होता.
जन्मात पहिल्यांदा
दुसऱ्याच्या भोंग्याला मी बाजू दिली.

दुसऱ्या किलोमीटरला बोळा टाचेखाली आला.
बरगडीत कळ. पिवळं सगळं पुढं, लांब, ठिपके ठिपके.
मागं फक्त आमचीच गाडी,
स्टिअरिंगवर ब्रेंडन, वय चोवीस.
शेवटच्या धावकामागून रांगत यायचं, असा नियम.
"पात्राव, बस आत!"
मी हात काढून दाखवला, जा पुढं.
जाईना.

मग तो दिव्याचा खांब आला.
फेब्रुवारी होता, सहा वर्षं झाली.
मागं एक बाई नवऱ्याशी बोलत होती,
घराच्या कौलांचं काहीतरी, कुठल्या मेस्ताला बोलवायचं ते,
बोलत होती, बोलत होती,
आणि इथं, या खांबाशी, विचारलं,
"ऐकतोस मरे?"

मी सायरन बांबोळीपर्यंत चालू ठेवला.
बंद केला असता
तर मीच सांगितल्यासारखं झालं असतं.

खांबाला हात लावायचा असं काही ठरवलं नव्हतं.
दम लागला होता, टेकलो.
लोखंड गार. तळव्याला खारट ओल.
मागं ब्रेंडननं इंजिन बंद केलं.
त्याला काय कळलं असेल कोण जाणे.
बहुतेक डिझेल वाचवत होता.

पाटोच्या टोकाला केळं, प्लास्टिकचं पदक,
आणि पोटरीत असा गोळा
की ब्रेंडन नि टीचरनं धरून मला स्ट्रेचरवर आडवा केला.
"सगुण, तुझंच गिऱ्हाईक तू!"
हसत होते. मीही.
दार लागलं.

या बाजूनं गाडी मी कधी बघितलीच नव्हती.
छताला गंजाचा डाग, बशीएवढा.
पंख्याला पाती आहेत, फिरत नाहीत.
बाजूच्या पत्र्यावर, हात पोचतो तिथं,
रंग नखानं खरवडलेला.
बाकी पांढरं. नुसतं पांढरं.
एकवीस वर्षं मी पुढं बघत होतो
आणि सगळे हे बघत होते.

ब्रेंडन, हळू घे.
उद्या तो पंखा उघडू.
आणि इथं वर काहीतरी लावायला हवं.
"काय लावायचं?" त्यानं आरशातून विचारलं.
धक्का येईपर्यंत
मला सुचलं नाही.