पानांवर आकडे नाहीत

पानांवर आकडे नाहीत, बीचे.
क्रम डोक्यात ठेवायचा.
खळ ढवळत राहा, गाठी होतील,
आणि माझ्यामागून म्हण:

सगळ्यात खाली गारुडी, टेबल मांडून बसलेला,
पेले आणि गोट्या.
त्याच्यावर राणी, त्याच्यावर बादशहा,
मग पोपचा मुकुट घातलेली बाई. हसू नकोस.
कुणी विचारलंच तर सांगायचं, ही श्रद्धा आहे.
मग खुद्द पोप. मग संयम,
या सुरईतलं पाणी त्या सुरईत.
प्रेम. रथ. मोडका खांब धरलेली ताकद.
चक्र.
कुबडा म्हातारा, हातात वाळूचं घड्याळ.

असंच का, ते मला विचारू नकोस.
व्याकरणाचे मास्तर आले होते मागच्या उपासात,
म्हणाले, प्रेम पोपलाही लोळवतं,
प्रेमाला कीर्तीचा रथ,
रथाला काळ.
बोलता बोलता दोन जोड उधार घेऊन गेले.
मठातला साधू म्हणाला, हा जिना आहे,
एकवीस पायऱ्या, सरळ खाली, सैतानापर्यंत.
मी म्हटलं, बाबा, सैतान चौदावा.
त्याच्यावर अजून सात पानं आहेत.
तो नदीकडच्या दाराने गेला, आशीर्वाद न देता.

आता हे.
इथे साचा हलू द्यायचा नाही.
एका पायाने लटकवलेला, याला फितूर म्हणतात.
एक मोजा लाल, दुसरा कोराच सोडायचा.

मी तुझ्याएवढी होते, बोलोन्यात.
कचेरीच्या भिंतीला शिडी लावून
एक चितारी तीन दिवस माझा बाप काढत होता.
उलटा.
बाप धान्याच्या वखारीत कारकून.
हिशेब चुकला की चुकवला,
मला अजून माहीत नाही.
माणूस सापडला नाही, म्हणून चित्र फासावर.
खाली नाव, मेल्कियोर्रे, हातभर अक्षरांत.
अक्षरं मी तिथेच शिकले.
आई पाण्याला मागच्या गल्लीने जायची.
दोन हिवाळ्यांत भिंतीवरून त्याचं नाक गेलं,
मग डोळे.
पाय बांधलेली दोरी मात्र चांगल्या रंगाची होती.

नीट बघ आता.
कुणी बादशहाची उतारी केली,
त्यावर पोप पडला, पोपवर रथ,
आणि चौथ्या भिडूने हे पान टाकलं.
उलटा लटकलेला माणूस
सगळ्यांना घेऊन जातो.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
माझ्या हातातला कुंचला खाली पडला होता.
त्याला कापतं मरण. ते कुणाला कापत नाही?

बोलोन्यात न्यायाची बाई खाली बसते,
संयमाच्या शेजारी, मधल्या पायरीवर.
तिथे फितूर तिला सहज मारतो.
इथे फेरारात तिला वर चढवली आहे,
देवदूताच्याही वर, जगाच्या पायाशी.
आधी तुतारी, कबरी उघडतात,
मग तिचा तराजू.
कुठलं गाव खरं, मी ठरवलेलं नाही.
बोलोन्यात खेळले तर बाप जिंकतो.
इथे हरतो, पण आठव्या पानाला,
आणि त्याच्या आधीच्या पानावर
मेलेले सगळे उठलेले असतात.
तोपर्यंत तो सरळ उभा असेल,
दोन्ही पायांवर. तोंड वर. नाक असलेलं.
मग तोलू दे तिला.

मालक म्हणतात, पुढच्या ठशात आकडे कोरू,
गिऱ्हाइकं भांडतात, टेबलं मोडतात.
कोरू देत.
मग कुणाला पाठ करावं लागणार नाही,
कोण कुणाच्या वर.

खळ लागली बघ तळाला.
पुन्हा म्हण, गारुड्यापासून.
आणि ते लाल इकडे दे.
त्याचा मोजा राहिलाय.