वायव्येच्या जरा उत्तरेला

मोरिओकात फेब्रुवारीच्या तीन तारखेला
न कापलेला भाताचा रोल खातात,
वीतभर लांब, काळ्या शेवाळात गुंडाळलेला,
आत सात जिन्नस.
त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे तोंड करायचं
आणि शेवटचा घास उतरेपर्यंत
चकार शब्द काढायचा नाही.
बोललं की नशीब सांडतं.

आमचे दुकानदार कुरामोचीसान
जानेवारीतच रीत समजावतात
आणि त्याच दमात कोटा:
माणशी तीस.
सक्ती नाही, म्हणतात, आपण एक कुटुंब आहोत.
मागच्या खोलीत भिंतीवर कुटुंबाची यादी,
नावांपुढे लाल गोळे.
माझ्यापुढची जागा बरीचशी पांढरी.

वसतिगृहाच्या रखवालदाराने दोन घेतले.
मी ज्याला गणित शिकवते त्या पोराच्या आईने चार.
सात माझ्या आईने. पैसे पाठवले, खाली लिहिलं,
चिनात्सु, रोल राहू देत, इथवर येईतो आंबतील,
तूच खा.
उरले सतरा.

सतरा गुणिले चारशे तीस,
भागिले तासाचे आठशे नव्वद.
अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे मी,
एवढं तोंडी येतं.
आठ तास, वर तेरा मिनिटं.
एरवी पंधराच्या आतली मिनिटं इथे धरत नाहीत.
गणवेश चढवायची सात, गल्ला जुळवायची बारा,
दारातला बर्फ खरवडायची चौदा,
ती कुणाच्याच खिशात नसल्यासारखी
मालकाच्या खिशात जातात.
ही तेरा मात्र
येन न् येन कापली जातील.

रात्री माझ्या खोलीत सम्झना आली,
तिच्या वाट्याचे बावीस घेऊन.
ती बुटवलची, इथे जपानी शिकते.
आठवड्याला अठ्ठावीस तास, कायद्याने तेवढीच मुभा.
वरचे तास कुरामोचीसान
कुणा तानिगुचीच्या नावावर मांडतात.
तानिगुचीला आम्ही कुणीच पाहिलेलं नाही.
त्याचा पगार कोण नेतं, विचारायची सोय नाही,
विचारलं तर पहिला प्रश्न तिच्या व्हिसावर येईल.

फोनवर होकायंत्र लावलं.
वायव्येच्या जरा उत्तरेला.
दोघी वळलो, आणि खिडकीत
बर्फाच्या भुरभुरीतून हिरवी,
रात्रभर न विझणारी
आमच्याच दुकानाची पाटी.

खाल्लं. काकडी, अंडं, गोड भोपळा,
गार भात टाळूला चिकटत होता.
मूग गिळायला निदान शिजवावे लागत नाहीत,
हे तर आम्हीच पहाटे पाचला रचलेले.
दुसऱ्याच्या मध्यावर
माझ्या तोंडून निघालं,
भरल्या तोंडाने, शितं उडवत,
तेरा मिनिटं.

सम्झना थांबली.
तिने माझ्याकडे पाहिलं, सांडलेल्या नशिबाकडे पाहावं तसं.
मग हात पुसून
जाकिटाच्या आतल्या खिशातून वही काढली.
पानामागून पान,
वरच्या रेषेला लटकलेली अक्षरं,
वाळत घातलेल्या मोज्यांसारखी.
आकडेसुद्धा निराळे.
ही वही ती गल्ल्याशेजारीच ठेवायची.
कुरामोचीसाननी एकदा चाळून विचारलं होतं,
प्रार्थना का? ती हो म्हणाली होती.

ती वाचू लागली.
मंगळवार, आले चार बावन्नला, धरले पाच.
गेले अकरा चौदाला, धरले अकरा.
बुधवार.
ती वाचत होती, मी माझ्या आकड्यांत उतरवत होते,
मधेमधे घास घेत, मधेमधे बोलत,
कुठल्याही दिशेला तोंड करून.

दीडला वही ऑक्टोबरपर्यंत आली होती.
रोल उरले एकतीस.
खिडकीबाहेर कठड्यावर मांडून ठेवले,
तिथे ते दगड होतील, होऊ देत.
सकाळी सहाला तिची पाळी.
जाताना बूट चढवत म्हणाली,
चौदा तारखेचा चॉकलेटचा कोटा लागलाय भिंतीवर,
पाहिलास?

पाहिला, म्हटलं.
फोटोही काढलाय.